गोव्यात बार्देशात घर घेतोय, आठ महिने झाले, सेल डीड (खरेदीखत) काही होईना. कुणाला असा अनुभव?

भाडेकरू_पर्वरी:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. मी मूळचा फोंड्याचा, नोकरी पणजीत. फोंड्यातला वन बीएचके विकून बार्देशात एक जुनं कौलारू घर घ्यायचं ठरवलं, पुढं अंगण, मागं चार माड नि विहीर, बायको उंबऱ्यावरूनच म्हणाली हेच घ्यायचं, मग मी कोण नाही म्हणणारा. अ‍ॅग्रीमेंट केलं, १० लाख दिले, त्यात लिहिलंय चार महिन्यांत सेल डीड. आज आठवा महिना चालू आहे.

आमचा फ्लॅट घेणारा मात्र टायमावर आला, पैसे मोजले नि चावी घेऊन गेला. त्यामुळं आता आम्ही पर्वरीत भाड्यानं, अर्धं सामान डिचोलीला सासुरवाडीत, आणि सासूबाई दर रविवारी एकच विचारतात, "कपाट कधी नेताय?" कपाट शिसवी आहे, मोठं आहे, त्यांच्या देवघराच्या दारातच उभं आहे, त्यांचंही चूक नाही.

बँकेच्या कर्जाच्या सँक्शन लेटरची मुदत एकदा संपली. परत सॅलरी स्लिपा, परत व्हॅल्युएशनचे पैसे. आता दुसरं पण संपत आलंय. विकणारे चार भावंडं आहेत, थोरला सगळं बघतो, माणूस एकदम गोड, गेलं की चहा-भजी, पण तारीख विचारली की आधी म्हणाला चवथ होऊदे, मग दिवाळी होऊदे, आता शिगमो होऊदे. आमचा वकील फोनवर "कागद येतायत" एवढंच बोलतो. कुठले कागद, कुठून येतायत, पायी येतायत का, काय समजत नाही.

प्रश्न असा की हे नॉर्मल आहे का? नक्की कुणाला धरायचं? की १० लाख परत मागून बाहेर पडू?

पुण्याचा_पाव्हणा:
आमच्याकडं पंधरा दिवसांत रजिस्ट्रेशन होऊन पेढे वाटून झाले होते. गोवा आहे भाऊ, सुशेगाद 😄

सांगेची_बाय:
@पुण्याचा_पाव्हणा तुमचा बिल्डरचा फ्लॅट असणार, एका कंपनीनं एक सही केली नि झालं. इथं आजोबांच्या घरावर किती जणांच्या सह्या लागतात ते माहीत नसेल तर सुशेगाद-बिशेगाद बोलू नये. शब्द तुम्हाला पर्यटन खात्यानं शिकवलाय, आम्ही नाही.

निवृत्त_कारकून:
मी बरीच वर्षं महसुलात काढली, कुठल्या ऑफिसात ते विचारू नका. भाडेकरूबाब, तुम्ही चार पॅरा लिहिलेत पण मुख्य गोष्ट लिहिलीच नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सर्व्हेच्या उताऱ्यावर, नाव कुणाचं आहे? त्या चार भावंडांचं? त्यांच्या बापाचं? की आजोबाचं? ते बघून सांगा, मग पुढचं बोलू.

भाडेकरू_पर्वरी:
काका आत्ता फाइल काढून बघितलं. आजोबाचं नाव आहे. वडील २०११ ला गेले. आई आहे, थोरल्याकडंच राहते.

निवृत्त_कारकून:
वाटलंच. आता नीट ऐका.

एक-चौदावर नाव आहे म्हणजे मालक असं नसतं, हे आधी डोक्यातून काढा. ७० च्या दशकात सर्व्हेवाले दारात आले तेव्हा घरात जो होता त्यानं जे नाव सांगितलं ते चढलं, कुणी मेलेल्या बापाचं सांगितलं, कुणी भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. मालकी बघायची ती जुन्या डीडमध्ये, इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या कागदात, नि पोर्तुगीज काळातलं देश्क्रिसांव, म्हणजे जमीन-नोंदणीतली नोंद, असेल तर त्यात.

दुसरं, गोव्यात अजून पोर्तुगीज सिव्हिल कोडच्या चालीनं चालतं. तो १८६७ चा, इथं १८७० पासून. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या आपल्या कायद्यात आलाय, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला, पण गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी अर्धी. म्हणजे भावाला मिळालेल्या वाट्यात भावजयीचं अर्धं, नि बहिणीच्या वाट्यात तिच्या नवऱ्याचं अर्धं. एकट्याच्या सहीनं कुणी घर विकू शकत नाही. मुलीला मुलाएवढाच वाटा, हे इथं पहिल्यापासून, त्यामुळं "बहीण लग्न करून गेली, तिचा काय संबंध" हे चालत नाही.

आता मोजा. आई एक. थोरला नि त्याची बायको धरून झाले तीन. बाकी भावंडं कोण कुठं आहेत, लग्नं झालीत का ते तुम्ही सांगा.

आणि खरा प्रश्न पुढंच आहे. आजोबाला एकच मुलगा होता का?

भाडेकरू_पर्वरी:
दुसरा भाऊ इंग्लंडात स्विंडनला, बायको तिथंच. बहीण कुडचड्याला दिलेली. धाकटा बिनलग्नाचा. म्हणजे आठ सह्या झाल्या.

आजोबाचं विचारायला आज संध्याकाळी मुद्दाम गेलो होतो. चहा आला, भजी आली. मी सहज विचारल्यासारखं केलं की तुमच्या वडिलांना भावंडं किती, तर थोरला म्हणाला एकटेच. आतून आईचा आवाज आला, "एकटे कसे रे, बेळगावची आत्या विसरलास?"

मला भजी गिळेना.

आत्या वारलीय, दोन मुलं बेळगावात, दोघांची लग्नं झालेली. म्हणजे बारा?? आणि ह्यांच्याशी त्यांचं पंधरा वर्षं बोलणं नाही.

सांगेची_बाय:
अगो बाई 🙈

विकणारी_बाजू:
इतका वेळ नुसती वाचत होते, आता लिहिते कारण मी त्या थोरल्याच्या जागी होते. आमचं फोंडा तालुक्यातलं घर विकायला दोन वर्षं आठ महिने लागले. घेणाऱ्यांना वाटत होतं आम्ही भाव वाढायची वाट बघतोय, त्यांनी तोंडावर तसं बोलूनही दाखवलं. खरं कारण काय तर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या वडिलांच्या बाराव्याला त्याला पहिल्या पंगतीत बसवलं नाही म्हणून तो रुसलेला, नि त्याच्या सहीशिवाय कागद हलेना. हे मी घेणाऱ्याला कसं सांगणार होते? की अहो, तुमचं घर एका पानावर अडलंय? म्हणून मी पण चवथ होऊदे, दिवाळी होऊदे असंच म्हणत होते.

तुमचा थोरला लबाड आहे असं मला वाटत नाही. त्याला घरातली लाज झाकायची आहे. शेवटी माझी आई ऐंशीच्या वयात बसनं त्या जावयाच्या घरी गेली, दोन दिवस राहिली, आणि सही घेऊन आली. वकिलाला जे एक वर्षात जमलं नाही ते तिनं खतखत्याच्या एका टोपात केलं.

तर माझं म्हणणं, थोरल्याशी बोलणं बंद करा आणि म्हातारीशी बोला. घरात कुठला कागद कुठं आहे ते तिलाच माहीत असतं.

विलायती_गोंयकार:
स्विंडनवरून लिहितोय, इथं शनिवारी मासळी घ्यायला गेलं की निम्मे चेहरे ओळखीचे, तर तुमचा दुसरा भाऊ कदाचित आमच्याच गल्लीत असेल 😀

त्याला विमानाचं तिकीट काढून यायला लावू नका, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीनं (मुखत्यारपत्रानं) काम होतं. मी माझी इथं नोटरीसमोर सही करून, अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालावं म्हणून सरकारी शिक्का) करून पाठवली होती. पण एक नीट लक्षात ठेवा, परदेशात सही केलेली पॉवर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिला स्टॅम्प लागला पाहिजे. माझी पहिली पॉवर मेव्हण्याच्या कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांबरोबर पडून राहिली, मुदत गेली, परत सगळं पहिल्यापासून, परत नोटरीचे पौंड. आणि त्याच्या बायकोची पॉवर वेगळी हवी किंवा एकाच पॉवरवर दोघांच्या सह्या हव्यात, फक्त त्याची आली तर परत बोंबला.

टॅक्सचं पण आत्ताच बघा, सेल डीडच्या आदल्या दिवशी नको. इथले राहणारे विकतात तेव्हा ५० लाख नि वरच्या व्यवहारावर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, ते सगळ्यांना माहीत आहे. विकणारा बाहेर राहणारा असला की दर कितीतरी जास्त, आणि इन्कम टॅक्सकडून कमी कापायचं सर्टिफिकेट त्यानं आधी आणलं नसेल तर नुसत्या नफ्यावर नाही, त्याच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कापायला सांगतात. नाही कापला तर नोटीस तुम्हाला येणार, त्याला नाही. ते सर्टिफिकेट यायला वेळ लागतो. वर गोव्याची गंमत अशी की सिव्हिल कोडमुळं नवरा-बायकोचं असलं उत्पन्न टॅक्सवाले पण अर्धं अर्धं धरतात, म्हणजे बायकोचं पण पॅन लागणार. तिच्याकडं आहे का विचारा. माझ्या बायकोकडं नव्हतं.

निवृत्त_कारकून:
@विकणारी_बाजू ताई शंभर टक्के. माझ्या टेबलावर अशी किती प्रकरणं आली, कायद्यानं अडलेली थोडी, मानपानानं अडलेली जास्त.

भाडेकरूबाब, आत्याच्या गोष्टीनं इतके घाबरू नका. आजोबा कधी वारले ते विचारा. त्या काळात माणूस गेला की बऱ्याच घरांत कोर्टात इन्व्हेंटरी करायचे. त्यात मालमत्तेची यादी, कुणाला काय दिलं ते सगळं असतं. घर मुलाला दिलं असेल नि मुलीला तिच्या वाट्याचे पैसे, त्याला तोर्ना म्हणतात, दिले असतील तर आत्याचा विषय तिथंच संपला, बेळगावला जायची गरज नाही. पण तो कागद सापडला पाहिजे. नसेल सापडला तर मात्र आत्याच्या मुलांना धरून वारसाहक्काचं डीड करावं लागेल, नि कुणी अडून बसला तर कोर्टात इन्व्हेंटरी, मग वर्षं मोजा.

तुमचा वकील बहुतेक हेच शोधतोय नि तुम्हाला सांगत नाही. त्याला सरळ विचारा की मालकीची साखळी कुठल्या साली तुटते. फोनवर नको, समोर बसून. आणि घरामागं कोण जुनं कुटुंब राहत असेल तर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पूर्वीपासून घर करून राहणाऱ्याचं, पण बघून घ्या, १९७५ चा कायदा आहे, त्यांना तिथून सहज काढता येत नाही. मागं शेताचा तुकडा धरला असेल तर त्याचं वेगळं, २०२३ च्या कायद्यापासून भातशेती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही.

पुण्याचा_पाव्हणा:
सॉरी हं. एवढं असतं माहीत नव्हतं. पण मग सरळ बाहेर पडावं ना? जमिनी हडपल्याच्या बातम्या पण वाचल्यात गोव्याच्या.

निवृत्त_कारकून:
त्यासाठीच तर कागद बघायचे. २०२२ मध्ये सरकारनं एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली, वर निवृत्त न्यायाधीशांचा एक सदस्यीय आयोग, कारण बाहेरदेशी गेलेल्यांच्या जमिनी जुने पोर्तुगीज कागद बनवून लोकांनी विकल्या. बंद घर, मालक परदेशात, नि कुणीतरी पॉवर घेऊन घाई करतोय, असं असेल तर पळा. इथं तर म्हातारी घरात बसून आत्याची आठवण करून देतेय नि सगळे उशीर करतायत. उशीर करणारा विकणारा मला घाई करणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

भाडेकरू_पर्वरी:
मंडळी, अपडेट. दहा दिवस गायब होतो.

बायकोला घेऊन गेलो ह्या वेळी, ती सरळ आत म्हातारीपाशी जाऊन बसली. थोरला बाहेर माझ्याशी हवापाण्यावर बोलतोय नि आत दोघींचं फणसाच्या भाजीवरून सुरू झालं. तासाभरानं म्हातारीनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. त्यात लग्नातली पैठणी, दोन चांदीचे तांबे, नि खाली पोर्तुगीजमध्ये हातानं लिहिलेले कागद, दोऱ्यानं शिवलेले, शिक्क्यासकट. १९६० चे. सासरा वारल्यावर कोर्टात झालं होतं एवढं तिला आठवत होतं, ती तेव्हा नवी नवरी. थोरला बघतच राहिला, त्याला म्हणे कधी कळलंच नाही. तिचं उत्तर, "तू कधी विचारलंस?"

पोर्तुगीज वाचणारे एक वयस्कर गृहस्थ गाठले, त्यांनी चष्मा वर करून बोट ठेवून दाखवलं, घर मुलाला, नि मुलीला तोर्ना, रक्कम पण लिहिलीय. भाषांतर करून देतायत, मग वकील कोर्टातून सर्टिफाइड कॉपी काढणार. म्हणजे बारावरून परत आठ. वडिलांच्या वारसाहक्काचं डीड स्पेशल नोटरीकडं टाकलंय, नोटीस निघेल, हरकतीची मुदत जाईल, मग म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलणं. वकिलाला समोर बसून विचारलं साखळी कुठं तुटत होती, तर म्हणाला १९६० लाच, सहा महिने कोर्टाच्या रेकॉर्डात शोधत होता, "तुम्ही टेन्शन घ्याल म्हणून बोललो नाही". मी काय टेन्शन न घेता बसलो होतो का!!

बाहेर पडत नाही आता. अ‍ॅग्रीमेंटची मुदत लेखी वाढवून घेतली, त्यात ह्या वेळी मुदतीत झालं नाही तर १० लाख परत असं घातलं, थोरल्यानं कुरकुर न करता सही केली. बँकेचं सँक्शन तिसऱ्यांदा करणार, पण सगळे कागद हातात आल्यावरच. कुडचड्याच्या जावयाला थोरल्याचा फोन हवा होता फक्त, तो झाला. कपाट अजून डिचोलीतच आहे.

@विलायती_गोंयकार दादा, तुमचं खरं निघालं. स्विंडनच्या वहिनीकडं पॅन नाही, दोघांचे पासपोर्ट पोर्तुगीज. आता तिकडच्या पत्त्यावर पॅन मिळतं का?

विलायती_गोंयकार:
मिळतं. परदेशी नागरिकांचा फॉर्म वेगळा असतो, तो भरायला सांगा, आमच्या बायकोचं कार्ड टपालानं इथं घरी आलं. फक्त नावाचं स्पेलिंग पासपोर्टावर, पॉवरवर नि पॅनवर एकसारखं आहे का ते आधी तीनदा बघा. आमच्यात एक एच जास्तीचा होता, त्यात दीड महिना गेला.