तमाशाच्या फडात जाऊ का? मुलगी दुसरीत आहे

माणदेशी: वय 29. नवरा सोडून गेला, पोटगीचा अर्ज कोर्टात पडून आहे. दिवसभर ब्लाउज शिवते, भाड्या-किराण्यात सगळं संपतं. लावणी शाळेपासून करते. गणपतीत नाचले ते एका फडाच्या मॅनेजरने पाहिलं. दसऱ्यापासून चला म्हणतात, 80 हजार उचल देतात. थकलेलं भाडं फिटेल. आई पोरीला सांभाळेल. भाऊ म्हणतो, मग या घराचा उंबरा चढायचा नाही. नाच मला मनापासून आवडतो. आतली माहिती असलेल्यांनी सांगा.

राहुटी: ताई, माझी आई तमाशात होती म्हणून लिहिते. उचल पगारातून कापतात, आणि फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पोर आजारी पडलं तरी मालक आधी हिशेब काढतो. भाड्यापुरतीच घ्या. महिन्याला किती कापणार, रजा किती, सगळं कागदावर घ्या. दसरा ते बुद्धपौर्णिमा रोज नवं गाव. जत्रांच्या दिवसांत रात्री खेळ, सकाळी हजेरीचा खेळ, की लगेच सामान ट्रकमध्ये. आमची आई घरी राहायची ती पावसाळ्यात. मला तिचा राग कधीच आला नाही, पण आठवण फार यायची.

संगीत बारीची, म्हणजे थिएटरात लावणी करणाऱ्या पार्ट्यांची, चौकशी करा. चौफुला, मोडनिंबची थिएटरं एका जागी असतात, पोरीची शाळा जवळ होते. तिथे खासगी बैठकीत लावणी बघायला आलेल्या माणसाने भलतं मागितलं, तर तोंडावर नाही म्हणावं लागतं. तेव्हा पार्टीची मालकीण पाठीशी उभी राहते का, हे तिथल्या बायकांनाच विचारा. आणि पैसा पोस्टात, स्वतःच्या नावावर. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी म्हातारपण हलाखीतच गेलं.

कोर्टाची पायरी: अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागितलीय का? नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्या अर्जाचा निकाल व्हावा, असं कायदा सांगतो. वकिलाला उद्याच विचारा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना वकील फुकट मिळतो.

माणदेशी: अंतरिमचं कुणी बोललंच नव्हतं. सोमवारी तालुक्याला जाते. राहुटीताई, मोडनिंब आम्हाला जवळ पडेल. रविवारी आईला घेऊन बघून येते, पोरीलाही नेते. तिथली शाळा कितवीपर्यंत आहे, माहीत आहे का?