अनुभव धागा: घरी शिकणाऱ्या मुलांचं गणित सातवी-आठवीत अडतं तेव्हा

सांजवारा

काल मंडळाच्या गणपतीची मीटिंग होती. निघता निघता एक नवीन आई भेटली. मुलगा तेरा वर्षांचा, पहिल्यापासून घरीच शिकतोय. बाकी सगळं उत्तम, पण प्रीअल्जिब्राचं पुस्तक उघडलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं. ती सांगत होती आणि मला माझ्या लेकीचं ते वर्ष जसंच्या तसं आठवलं. लेक आता कॉलेजात आहे. घरी आल्यावरही डोक्यातून विषय जाईना, म्हणून हा धागा.

आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो. इथला होमस्कूलिंगचा कायदा बराच काटेकोर आहे. शपथपत्र द्यायचं, वर्षभराच्या कामाची फाइल ठेवायची, ती पात्र शिक्षकाकडून किंवा मानसशास्त्रज्ञाकडून तपासून घ्यायची. शिवाय तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित परीक्षा. शेजारच्या न्यू जर्सीत यातलं काहीच नाही, आम्ही घरी शिकवतो असं कळवावंही लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे त्या वर्षी परीक्षेचं सावट होतं आणि लेक समीकरणांपाशी येऊन ठप्प झाली होती. (भारतातल्या मंडळींसाठी: प्रीअल्जिब्रा म्हणजे साधारण आपल्या सहावी ते आठवीचा ऐवज. पूर्णांक, अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, घातांक आणि एका चलातली सोपी समीकरणं.)

लेकीचं वाचन दांडगं, पाढे पाठ, तोंडी हिशोब चोख. तरी ३क्ष + ५ = २० समोर आलं की हातातली पेन्सिल खाली. एका संध्याकाळी मी कागदावर लिहिलं:

८ + ४ = ▢ + ५

तिने क्षणाचाही विचार न करता चौकटीत १२ लिहिले. मग पुढचे ५ दिसले तेव्हा शेवटी आणखी एक बरोबरचं चिन्ह काढून १७ लिहिले. म्हणजे इतकी वर्षं तिच्या लेखी = म्हणजे 'आता उत्तर लिहा'. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. बेरीज-वजाबाकीत त्यावाचून काही अडलं नाही, समीकरणं आल्यावर अडलं.

पुस्तक बाजूला ठेवलं. रोज फक्त खरं की खोटं. ७ = ७. ९ = ४ + ५. ६ + ३ = ५ + ४. ७ = ७ बघून ती म्हणाली, "हे काय गणित आहे? यात करायचं काहीच नाही!" तिथेच सगळी गोम होती. ते पचल्यावर समीकरणं फार लवकर सुटायला लागली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या वयात अडचण बहुतेक वेळा चालू धड्यात नसते, दोन-तीन इयत्ता मागे असते. मूल तेरा वर्षांचं असलं तरी बेलाशक चौथीत जा. घरी शिकवण्याचा हाच तर मोठा फायदा, वर्गाबरोबर धावायची सक्ती नाही.

तुमच्याकडे नेमकं कुठे अडलं आणि कशाने सुटलं, लिहा. त्या आईलाही हा धागा दाखवणार आहे.

रानजाई

अपूर्णांक!! १/२ + १/३ = २/५. कितीही सांगा, दुसऱ्या दिवशी परत २/५. पोळी कापून झाली, पिझ्झा कापून झाला, कागदाच्या पट्ट्या झाल्या.

शेवटी ओट्यावर सुटलं. केकची मापं बाहेर होती. म्हटलं अर्धा कप पाणी ओत, आता त्यातच तृतीयांश कप ओत. आता तुझं उत्तर बघ, २/५. अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? बराच वेळ गप्प, मग ओरडला, "अगं आई, अर्ध्यात अजून पाणी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल!" तिथून पुढे तो स्वतःच्या उत्तराला प्रश्न विचारायला लागला. ५/६ कसे येतात ते नंतर एका बैठकीत कळलं

बाळ उठलं, बाकीचं नंतर

नाना_सांगलीकर

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. नातू घरीच शिकतो, सुनेने नोकरी सोडून घेतलंय ते काम, मला कौतुक आहे.

आधी पाढे तपासा. लसावि काढताना, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना, अवयव पाडताना मूल जर ७ × ८ वर थबकत असेल तर डोक्यातली सगळी ताकद तिथेच खर्ची पडते, मूळ कल्पनेसाठी काही उरत नाही. तीसपर्यंत पाठ असावेत असा आग्रह नाही. बारापर्यंत पक्के, उलटसुलट विचारले तरी.

आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारात पाऊण शेराचा भाव विचारला तर बोट न मोडता सांगायचे. त्या मुलांना अपूर्णांकाची भीती वाटायला जागाच नव्हती, कारण पाऊण ही त्यांच्या लेखी तीन, चार, पाचसारखीच एक संख्या होती. सध्या मुलं ३/४ कडे दोन वेगळे आकडे म्हणून बघतात, म्हणून तर वरचे वर आणि खालचे खाली मिळवतात.

चिंचगुळ

नाना, औटकी! आजी सवायकी-दिडकीवर दुधाचा महिन्याचा हिशोब करायची, गवळीदादा पण मान डोलवायचे. किती वर्षांनी आठवण काढलीत

धाग्याबद्दल: आमचं अजून चौथीच आहे, वाचतेय

वऱ्हाडी_मन

आमचा किस्सा ऐका. बहीण टेक्ससला, भाचा घरीच शिकते. उन्हाळ्यात नागपूरला आला तं आमचे बाबा गणित घ्यायला बसले. गणित होतं २४ ÷ ६ × २. भाच्याला तिकडचं पेमडास (कोणती क्रिया आधी करायची ते लक्षात ठेवायची अक्षरं) पाठ, त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येते. म्हणून त्यानं ६ × २ आधी केलं, उत्तर २. बाबांचं आपलं कंचेभागुबेव, भागाकार आधी, उत्तर ८. दोघंही माघार घ्यायला तयार नाहीत, जेवणं थांबली ना भाऊ!

उत्तर ८ च बरोबर. पण गंमत पुढं आहे. भाच्यानं लगेच बाबांना ८ − ५ + २ घातलं. कंचेभागुबेवमधे बेरीज आधी, म्हणून बाबांनी ५ + २ = ७ केलं आणि १ लिहिलं. भाचा म्हणे, "आजोबा, खिशात ८ रुपये, ५ खर्च केले, २ मिळाले. किती?" बाबा दोन मिनिटं कागदाकडेच पाहत राहिले, मंग पाठ थोपटली त्याची.

गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, आणि पायरीवरचं काम डावीकडून उजवीकडे. ती अक्षरं पाठ करून हे समजत नाही. पोरगं क्रमात चुकून राहिलं असेल तं आधी हे पाहा.

हिरवी_वाट

पुण्यातून. मोठीने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावी केली, धाकटा त्याच वाटेवर. वर कुणीतरी परीक्षेच्या ताणाबद्दल लिहिलंय म्हणून सांगते, तिथे दहावीला वय किमान १४ लागतं, पाच विषय घ्यायचे आणि गणित सक्तीचं नाही. हे कळल्यावर आमच्या घरातला श्वास मोकळा झाला. आणि मजा म्हणजे सक्ती नाही म्हटल्यावर मोठीने स्वतःहून गणित घेतलं.

अर्थात सोडायचं ठरवलंच तर पुढे ज्या शाखेला जायचंय तिच्या प्रवेशाच्या अटी आधी नीट वाचा. आवड कुठे वळेल सांगता येत नाही.

पुस्तकांवर पैसे घालवायची गरज नाही. बालभारतीची सहावी-सातवीची गणितं मोफत उतरवून घेता येतात. पूर्णांक, समीकरणं, बैजिक राशी, सगळं छोट्या छोट्या सरावसंचात आहे. आम्ही एका दिवशी एकच सरावसंच करायचो, तोही अर्धा. अर्ध्या तासानंतर वही बंद, गणित रंगात आलं असलं तरी.

अबोली_

फोंड्याहून. लिहू की नको करत होते.

माझ्या मुलीचं मागे मागे जाऊनही सुटत नव्हतं. रात्री सातचा पाढा घडाघडा, सकाळी कोरी पाटी. घड्याळ बघायला त्रास, दुकानात सुट्टे परत किती यायला हवेत ते उमजत नसे, १३ आणि ३० मध्ये गोंधळ. आणि तीच मुलगी दोन भाषांत गोष्टी लिहिते. नात्यातल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर "घरी ठेवून आळशी केलीत" म्हटलं, तो दिवस अजून टोचतो.

तपासणी करून घेतली, डिस्कॅल्क्युलिया (आकडे आणि आकडेमोड समजायला अडचण येणं) निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि त्यात डिस्कॅल्क्युलियाचं नाव स्पष्ट आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मागता येतात. पण मला त्याहून मोठं वाटलं ते म्हणजे मुलीचा चेहरा. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे मी ढ नाही ना?"

आता पाढ्यांचा तक्ता आणि कॅलक्युलेटर दोन्ही शेजारी असतं. समीकरणाची मांडणी ती करते, आकडेमोड यंत्र करतं. आणि मांडणी चुकत नाही तिची! नानांनी पाढ्यांचं लिहिलंय ते बरोबरच असेल, पण काही मुलांचे पाढे कितीही केले तरी बसत नाहीत, त्यांना तिथेच अडकवून ठेवू नका अशी विनंती.

चिंचगुळ

अबोली, मुलीला माझ्याकडून एक घट्ट मिठी. तिच्या गोष्टी वाचायला मिळतील का कधी?

नाना_सांगलीकर

अबोलीताई, आपलं म्हणणं पूर्ण मान्य. आमच्या काळी अशा मुलांना काय सोसावं लागलं असेल, या विचाराने दुपारपासून चैन नाही. लेकीला आशीर्वाद.

तिठा

डॅलसहून, बाबा. लंचमध्ये लिहितोय, पसारा माफ करा.

आमच्याकडे दोन गोष्टी. एक, मुलगा दर वेळी लिहायचा ३(क्ष + ४) = ३क्ष + ४. नियम सांगून काडीचा फरक पडेना. मग सवय लावली, शंका आली की क्षच्या जागी २ घालून बघ. डावीकडे ३ × ६ = १८, उजवीकडे ६ + ४ = १०. नाही जमलं, म्हणजे कुठेतरी घोटाळा. आता मला विचारतच नाही, स्वतः तपासतो. (सावध: २क्ष मध्ये क्ष = ३ घातल्यावर २३ लिहिणारी मुलं असतात. मधला गुणाकार दिसत नाही ना.)

दुसरं, ऋण गुणिले ऋण. "का?" विचारायचा आणि "नियम आहे" याने त्याचं समाधान होत नव्हतं, ते बरोबरच आहे. एकाखाली एक लिहून दिलं:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

पुढची ओळ तू लिही. उत्तरं दोनदोनने वाढतायत हे दिसलं आणि −१ × −२ = २ त्याने आपणहून लिहिलं. वर जे हसू होतं चेहऱ्यावर!

अजून एक, हे त्या आईसाठी खास. आम्ही बापलेक गणिताला बसलो की आवाज चढायचे. इथल्याच एका मित्राची मुलगी त्याच वयाची, तीही घरी शिकते. आम्ही अदलाबदल केली. शनिवारी तो माझ्या मुलाला घेतो, मी त्याच्या मुलीला. परक्यासमोर मुलं "कळलं नाही" असं बिनधास्त म्हणतात, आणि आपणही दुसऱ्याच्या मुलावर वैतागत नाही. घरात शांतता आहे.

रानजाई

बाळ झोपलं. तिठा, अदलाबदल भारी!! आमच्या सोसायटीत अजून एक कुटुंब आहे घरी शिकवणारं, आजच विचारते

आणि पोटदुखीबद्दल. ती खरी असते, नाटक नसतं. आमच्याकडे सकाळी पहिलं गणित असायचं ते दुपारी नेलं आणि सुरुवात नेहमी येणाऱ्या दोन गणितांनी. बराच फरक पडला

कुणाला बिनअंड्याच्या केकसाठी दह्याचं प्रमाण माहीत आहे का, तो आता रोज मापं घेऊन बसतो 😀

हिरवी_वाट

एक वाटी मैद्याला अर्धी वाटी दही, पाव चमचा सोडा. त्यालाच दीडपट करायला सांग, तेवढीच उजळणी.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या आईला दुपारी धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं, घड्याळाचं आणि सुट्ट्या पैशांचं तिच्या मुलाला काही अडत नाही, पण अपूर्णांक बघताच वही मिटतो. तर ती आज मापाची भांडी काढतेय. अबोली, तुमचं लिहिणं तिने दोनदा वाचलं. तिच्या भाचीचं तसंच काहीतरी आहे, ती तुम्हाला व्यक्तिगत निरोप करेल, चालेल ना?

अबोली_

अवश्य. कधीही.

चिंचगुळ

नाना, एक विनंती. औटकी पूर्ण लिहाल का इथे? आजीच्या वहीत ३ पुढे दोन उभ्या रेघा असायच्या, ते काय होतं?

नाना_सांगलीकर

दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, एक रेघ म्हणजे पाव. ३॥ म्हणजे साडेतीन. घ्या:

३॥, ७, १०॥, १४, १७॥, २१, २४॥, २८, ३१॥, ३५.

पाऊणकी उद्या टाकतो, आमच्याकडे वीज गेली आहे आणि मोबाईल विझत आलाय.