मदत हवी आहे: स्लोडाइव्हचा 'पिग्मॅलियन' कसा ऐकावा?

मंडळी, गेले काही महिने मी स्लोडाइव्हच्या पार प्रेमात आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग गावात १९८९ मध्ये जमलेला हा बँड. नील हॉलस्टेड आणि रेचल गॉसवेल यांचे आवाज गिटारींच्या धुक्यात असे विरघळतात की शब्द कळले नाहीत तरी डोळे भरून येतात.

१९९१ चा 'जस्ट फॉर अ डे' आणि १९९३ चा 'सुव्लाकी' हे त्यांचे अल्बम मला जवळजवळ पाठ आहेत. सुव्लाकीतल्या दोन गाण्यांत संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोचाही हात आहे, आणि ती शांत जागा ऐकताना जाणवते. अडतं ते १९९५ च्या 'पिग्मॅलियन' या अल्बमपाशी. तिथे गिटारींची भिंतच नाही. उरतात लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे), मोकळी जागा आणि मधूनच एखादा आवाज. हा अल्बम आल्यावर लगेच त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, क्रिएशन रेकॉर्ड्सने, बँडला सोडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्यांना हा अल्बम भावला, त्यांनी कृपया सांगा: सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू? आधी थोडं अँबियंट (ठेक्यापेक्षा वातावरणावर भर देणारं, संथ) संगीत ऐकून कान तयार करावा का? की नील आणि रेचल यांच्या नंतरच्या बँडकडून, मोहावी ३ कडून, उलटं मागे यावं?

आणखी एक. २०१४ ला ते पुन्हा एकत्र आले. २०१७ आणि २०२३ च्या अल्बममध्ये पिग्मॅलियनचे धागे तुम्हाला कुठे सापडतात? गाण्याचं नाव आणि साधारण मिनिट सांगितलंत तर हेडफोन लावून आज रात्रीच ऐकेन.