मदत हवी आहे: जुन्या सबमशीनगनच्या लांब पल्ल्यावरील अचूकतेविषयी
दुसऱ्या महायुद्धातील सबमशीनगनवर (पिस्तुलाची काडतुसे झाडणाऱ्या छोट्या स्वयंचलित बंदुकांवर) मी एक टिपण लिहीत असून त्यातील एका मुद्द्यावर, विशेषतः पुण्यात स्थायिक झालेल्या निवृत्त सैनिकांचे, मार्गदर्शन हवे आहे. ही शस्त्रे पन्नास-साठ मीटरपलीकडे निरुपयोगी असतात, असे सर्रास लिहिले जाते आणि ते मला घाईचे विधान वाटते. फिनलंडच्या सुओमी केपी-३१ या बंदुकीची नळी सुमारे ३१४ मिलिमीटर लांब असून तिच्या मागील नेमखाचेवर (नेम धरण्यासाठी ज्यातून पाहतात त्या खाचेवर) ५०० मीटरपर्यंतच्या खुणा आहेत. हा आकडा अर्थातच आशावादी आहे, पण जर्मन एमपी-४० वरही १०० आणि २०० मीटरची सोय होती. स्वस्तातल्या ब्रिटिश स्टेन बंदुकीची नेमखाच मात्र १०० यार्डांसाठी कायमची बसवलेली असे.

माझा तर्क असा, की अडचण नळीची नसून यंत्रणेची आहे: घोडा दाबताच जड बोल्ट (नळीमागचा सरकता धातूचा ठोकळा) पुढे धावतो, काडतूस नळीत ढकलतो आणि मगच गोळी सुटते, त्यामुळे धरलेला नेम ऐन क्षणी हलतो. शिवाय नऊ मिलिमीटरची गोळी तुलनेने संथ असल्याने १०० मीटरनंतर ती झपाट्याने खाली येते.

ज्यांनी सेवेत स्टेन किंवा कानपूरला बनलेली स्टर्लिंग पद्धतीची कार्बाइन १ए१ चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावे: एकेक गोळी झाडताना १०० ते १५० मीटरवर गोळ्या कितपत जवळजवळ लागत, आणि बोल्टचा तो धक्का सरावाने आवरता येत असे काय? सेवेतील गोपनीय तपशील अर्थातच नकोत.