कुंती सोलापुरात तगते, पण मातीकडे बघा

ताई, कुंती म्हणजे कामिनी, सुवासिक पांढऱ्या फुलांचं झाड, मुळात दमट जंगलातली, मग सोलापूरच्या उन्हात ती तगेल का, असं तुम्ही विचारलंत. तगते. जुळे सोलापुरात आमच्या कुंपणाला सहा झाडं आहेत. पहिली दोन वर्षं एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली आणि बुडाशी पाचोळा, एवढं केलं की झालं.

खरी अडचण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीची आणि बोअरच्या जड पाण्याची. कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की लोक पाणी वाढवतात (मीही वाढवलं होतं!). ते बहुतेकदा चुनखडीमुळे मुळांना लोह न मिळाल्याचं दुखणं असतं. खड्ड्यात शेणखत भरपूर घाला, पाणी साचू देऊ नका.

लाल फळांचा गर धुऊन बी ताजंच पेरा. छाटणी बहर ओसरल्यावर करा, नाहीतर फुलांच्या वासाला मुकाल. लाकूड कठीण, हत्यारांच्या दांड्यांना चालतं.

शेजारी कागदी लिंबाची बाग असेल तर मात्र नको. दोन्ही एकाच कुळातली. लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला कीड कुंतीच्या कोवळ्या शेंड्यांवरही पोसते.