ठाण्यात जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी का?

प्रेषक: स्टुटगार्टची ताई
विषय: ठाण्यात जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

जुलैत आम्ही कायमचे ठाण्याला परत जातोय, पातलीपाड्याला. तिथे माझ्या भावाने एक 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 बघून ठेवली आहे. एकच मालक, एमएच-04 पासिंग, 38 हजार किलोमीटर. सुरुवातीच्या सगळ्या सर्व्हिस शोरूमला झाल्यात, पण शेवटची दोन वर्षं काहीच नाही, कारण मालकाच्या म्हणण्यानुसार गाडी फारशी चाललीच नाही. भाऊ म्हणतो, एवढी कमी चाललेली गाडी हातची घालवू नकोस. बाबांचं मत साधी पेट्रोल हॅचबॅक घे आणि मोकळी हो असं आहे.

मला ही गाडी मनापासून हवी आहे. इथे टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाची इतकी वर्षं सवय आहे. पण इथले रस्ते आणि घोडबंदर रोड यांत फरक आहे, म्हणून विचारते: हे इंजिन आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तिथे टिकतील का? आणि घेतलीच तर बंद पडायची वाट न बघता काय काय आधी बदलून घ्यावं? नेरुळच्या काकांकडे हीच गाडी आहे असं ऐकलंय.

---

प्रेषक: नेरुळचे काका
विषय: उत्तर: ठाण्यात जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी का?

अगं, 38 हजार या आकड्यावर भाऊ खूश आहे, मी नाही. पण गाडी घेऊ नकोस असंही मी म्हणणार नाही. माझ्याकडची 2017 ची आहे, याच इंजिनाची, आणि ती विकायचा विचार माझ्या मनात येत नाही.

आधी तो आकडा नीट वाचायला हवा. मानपाडा ते माजिवडा संध्याकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. मेट्रो 4 चं काम सुरू झाल्यापासून तर कासारवडवलीपासूनच रांग लागते. सरासरी वेग 18 धरला, तर 38 हजार किलोमीटर म्हणजे इंजिन सुमारे 2,100 तास चाललंय. तू तिकडे ऑटोबानवर सरासरी 90 ने चालवलीस, तर तेवढ्याच तासांत 1 लाख 90 हजार किलोमीटर होतील. तिकडे तेवढी चाललेली गाडी घेताना तू जे जे तपासशील, ते सगळं इथे 38 हजारवाल्या गाडीत तपास. ऑइलला किती तास तापून राहावं लागलं यावर झीज ठरते. शोरूमचा 15 हजार किंवा एक वर्ष हा नियम मोकळ्या रस्त्याला ठीक आहे. ठाण्यात मी 7-8 हजारांवर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलतो. 502 00 या फोक्सवॅगनच्या मान्यतेचं फुल सिंथेटिक, पावणेसहा लिटरच्या आसपास लागतं. डब्यावर मान्यतेचा नंबर छापलेला असतो. तो नसेल तर गॅरेजवाला कितीही चांगला माणूस असला तरी ते ऑइल घालू देऊ नकोस.

दोन वर्षं सर्व्हिस नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट, रबर हे उभ्या गाडीतही वयाने जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय काही नसतं. 230 पीएस आणि 350 एनएमची गाडी, 0 ते 100 पावणेसात सेकंदांत जाते. तिचे ब्रेक गरम झाल्यावर त्या ओलीची वाफ होऊन पेडल मऊ पडलं तर काय होईल याचा विचार कर. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल, दर दोन वर्षांनी, यात सवलत नाही. कॅलिपरच्या पिना मोकळ्या हलतात का तेही तेव्हाच बघून घ्यायचं.

आता या इंजिनाची ओळखीची दुखणी. ईए888 (तुझ्या गाडीतलं हेच इंजिन) च्या तिसऱ्या पिढीत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात बसवलेत, इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, आणि पंप एका छोट्या दातेरी बेल्टने फिरतो. ते प्लास्टिक उष्णतेने थकतं आणि सांध्यातून कुलंट पाझरतं. गाडीखाली थेंब दिसेलच असं नाही, कारण गिअरबॉक्सच्या अंगावर पडून ते तिथेच वाळतं. म्हणून टॉर्च घेऊन बघायचं: गुलाबी-जांभळट खरवड दिसली की समजायचं. गाडी उभी केल्यावर बॉनेटपाशी गोडसर वास येत असेल तरी तेच. कुलंटच्या बाटलीचा रंग फिकट असेल तर मालकाने किंवा वॉचमनने नळाचं पाणी घातलेलं आहे. बोअरचं असेल तर आत क्षार बसलेले असणार. आठ वर्षांच्या गाडीत मी हा अख्खा पंप-थर्मोस्टॅट बेल्टसकट घेतल्याघेतल्या बदलेन.

डीएसजीची भीती बाळगू नकोस. लोक ज्या डीएसजीच्या नावाने बोटं मोडतात ती कोरड्या क्लचची सात गिअरची, डीक्यू200. तुझ्या गाडीत सहा गिअरची डीक्यू250 आहे, तिचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात. ट्रॅफिकची उष्णता ती बरीच सोसते. पण याच ऑइलवर सगळं चालतं, गिअर बदलणारा मेकॅट्रॉनिक युनिटसुद्धा, म्हणून 60 हजार किलोमीटरवर ते बदलायचा नियम तासांच्या हिशेबाने आधीच पुरा झालाय असं धर. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदल. पातळी ऑइलचं तापमान 35 ते 45 अंशांच्या मधे असताना, इंजिन चालू ठेवूनच बघायची असते. हे ज्या गॅरेजला माहीत नाही तिथे हे काम देऊ नकोस. तुर्भ्याला आणि ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला जर्मन गाड्या करणारी स्वतंत्र गॅरेजं आहेत. आधी जाऊन लेव्हल कशी बघता एवढंच विचार, उत्तरावरून माणूस कळतो.

खालची बाजू लिफ्टवर घेऊनच बघायची. गायमुखच्या घाटातून रोज गेलेल्या गाडीचे लोअर आर्मचे बुश आणि शॉकअपची वरची माउंटिंग शाबूत असतील अशी अपेक्षाच नको. ते खर्चात धर. रिमला आतल्या बाजूने वाक आलाय का, टायरच्या भिंतीला फुगा आहे का, आणि टायरवरचा चार आकडी कोड. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी कितीही उरलेली असो, तेवढ्या जुन्या टायरवर ही गाडी पावसात चालवायची नाही.

गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवूनच भाव ठरव. तो हिस्सा परवडत नसेल तर बाबांचं ऐक. ही गाडी अर्धवट सांभाळायची नसते.

---

प्रेषक: म्युनिकचा दादा
विषय: उत्तर: उत्तर: ठाण्यात जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी का?

काका, तासांचा हिशेब पटला. एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. वॉटर पंपचं घर कोरडं असेल तर मी ते हात न लावता आधी प्रेशर टेस्ट करून घेईन. चांगलं बसलेलं काढून घाईत बसवलेलं नवीन गळताना मी पाहिलंय.

ताई, स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नुसता दोनशे रुपयांचा ब्लूटूथवाला नको, व्हीसीडीएस (या गाड्यांसाठीचा खास स्कॅनर) किंवा त्या तोडीचा. तीन गोष्टी बघ. एक म्हणजे रेडिनेस, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या (मॉनिटर) पूर्ण झाल्यात का: फॉल्ट एकही नाही पण मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. दुसरी, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या फेजचा (ठरलेल्या जागेपासूनचा) फरक. तो शून्याजवळ हवा. बराच सरकलेला असेल तर ती फिरवणारी टायमिंग चेन ताणलीय. तिसरी रिमॅपची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याची. या इंजिनावर स्टेज 1 (नुसत्या सॉफ्टवेअरचा रिमॅप) मारणं फार सोपं असल्याने भारतात या गाड्यांना ते सर्रास केलेलं असतं, आणि विकताना मूळ फाइल परत टाकतात. शोरूमच्या सिस्टीममध्ये टीडी1 अशी, म्हणजे सॉफ्टवेअर बदललेलं सापडल्याची, खूण पडलीय का ते चेसिस नंबरवरून विचारून घे. रिमॅप झालेली गाडी वाईटच असते असं नाही, पण मालकाने लपवलं असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये.

आणि स्पार्क प्लग. टर्बो पेट्रोलला ते नेहमीच्या मुदतीच्या आधी बदललेले बरे, इग्निशन कॉइल वाचतात.

---

प्रेषक: स्टुटगार्टची ताई

दादा, काका, खूप आभार. एक अडचण राहिलीय. व्यवहार एप्रिलमध्ये उरकावा लागेल असं मालक म्हणतोय, आणि आम्ही येणार जुलैत. तोपर्यंत गाडी बिल्डिंगच्या पोडियमखाली उभी राहील. भाऊ दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवेन म्हणतो.

---

प्रेषक: नेरुळचे काका

दादाचं प्रेशर टेस्टचं म्हणणं मान्य. कोरडं निघालं तर राहू दे. इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन आहे का ते बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघून घे, आणि सफाईसाठी मॅनिफोल्ड उघडावंच लागलं तर पंप त्याच वेळी कर, मजुरी एकदाच पडते.

भावाला सांग, पाच मिनिटांचं स्टार्टिंग नको. इंजिन पुरतं तापत नाही, एक्झॉस्टमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी जमतं आणि बॅटरी भरण्याऐवजी उतरते. एकतर पंधरा दिवसांतून एकदा सकाळी ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रोडला अर्धा-पाऊण तास नेऊन आणायची, ऑइल नीट तापेपर्यंत दमाने. ब्रेक डिस्कवरचा गंजही निघतो. नाहीतर हात लावायचा नाही, बॅटरीला मेंटेनर (तिला हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवायचा आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त.

पेट्रोलचंही बघ. पंपांवर आता ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे आणि त्या मिश्रणाला चालेल अशा साहित्याच्या गाड्या आपल्याकडे एप्रिल 2023 पासून निघतात, तुझी त्याआधीची. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून ते पावसाळी हवेत महिनोन्‌महिने टाकीत साठवू नये. उभी ठेवताना थोडंच ठेव, आल्यावर ताजं भर, निदान 95 ऑक्टेनचं. पेट्रोलच्या होजला तडे आहेत का ते पहिल्या सर्व्हिसला बघायला सांग.

पोडियमखाली उंदीर हमखास असतात. बॉनेटखालची फोमची शीट कुरतडलेली दिसली की पुढचा नंबर वायरिंगचा. महिन्यातून एकदा उघडून बघायला हवं.

इन्शुरन्स आरसीबरोबर लगेच नावावर करून घे, चौदा दिवसांच्या आत. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेच, कारण साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान बहुधा येत नाही. पाणी साठलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. घरात कोणीही गाडी चालवणार असेल तर त्याला हे आधी सांगून ठेव. लोन असेल तर हायपोथिकेशन (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) निघाल्याशिवाय पैसे नाहीत. 2019 च्या आधीची नोंदणी आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागलेली आहे का आणि चलन बाकी आहेत का, तेही भावाला बघायला सांग.

गाडी बघायचा दिवस ठरला की मला कळव, मी नेरुळहून येईन. मालकाला एवढंच बजावून ठेव की आम्ही पोचेपर्यंत सकाळी गाडी सुरू करायची नाही. बॉनेटला हात लावला की गार लागलं पाहिजे. चेनची खरखर असलीच तर रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टला काही सेकंदच ऐकू येते, आणि ती मला स्वतःला ऐकायची आहे.