युरिया बंद, जिवाणू चालू? ऊसवाल्यांनो, बोला

शिरोळचा ऊसवाला: काल इथं कुणीतरी टाकलंय, 'युरिया विष आहे, दोन बाटल्या जिवाणू सोडा, रान सुधारतं.' डोकं फिरलं वाचून. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला, हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, ते बाटलीतनं येणार? गेल्या साली युरियाबरोबर दुकानदारानं लिंकिंगची, म्हणजे युरिया हवा तर हेही घ्या म्हणून सक्तीची, बाटली गळ्यात मारली. मुदत संपत आलेली, दारात उन्हात ठेवलेली. त्यात जिवंत काय राहणार?

करवीरकर: दादा, मग भांडण दुकानदाराशी आहे. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस वाचा: हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू), सव्वा किलो स्फुरदाचे (फॉस्फरसचे) जिवाणू, १०० लिटर पाणी, लागणीची कांडी अर्धा तास बुडवायची. मग नत्र निम्मं, स्फुरद पाव कमी. बंद करा कुठं म्हटलंय?

शिरोळचा ऊसवाला: निम्मं! उसाचं टनेज घटलं तर सोसायटीचं कर्ज तुम्ही फेडणार?

कागलकर: आमच्या आबांनी बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच बॅरलमध्ये कालवले आणि वर म्हणाले, काय फरक नाही. आधी बुरशीनाशक, कांड्या सुकल्या की जिवाणू. आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवून जिवाणू सोडणाऱ्यांनी तर बोलूच नये. ते खाणार काय, राख?

हातकणंगलेवाला: पाचट आम्ही हौसेनं पेटवतो काय? ऊसतोड टोळी बांधावर उभी राहून म्हणते, पेटवा नाहीतर पुढच्या फडात जातो. वर टोळीला खुशाली, गाडीवानाला एंट्री म्हणून जादा पैसे द्या. जळीत ऊस म्हणून कारखाना पैसे कापतो ते वेगळंच. घरात बसून ज्ञान देऊ नका.

कागलकर: तोडणीआधीचं सोडा. तोडणी झाल्यावर काडी कोण लावतं? तुम्हीच. हेक्टरी ८-१० टन पाचट धुरात जातं.

हातकणंगलेवाला: खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं फुटलेल्या उसात, पाचट ठेवलं की उंदीर होतात, पाणी सरीनं पुढं सरकत नाही. पाटपाण्यावर करून दाखवा, मग बोला.

करवीरकर: आमचं पाटपाण्यावरच आहे. एक सरी पाचटाची, एक पाण्याची. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, किलोभर कुजवणारं जिवाणू. पावसाळ्यात खालची माती मुठीत भुसभुशीत लागते, गांडुळं दिसतात.

शिरोळचा ऊसवाला: म्हणजे कुजवायलाही युरिया लागतोच! तेच सांगतोय कवापासनं. बरं, यंदा खोडव्याच्या एका एकरात पाचट ठेवतो, दुसरा नेहमीसारखा. पण बाटली तारीख बघूनच घेणार, आणि लिंकिंगवर इथं एकानंही तोंड उघडलेलं नाही.